चौथ्या मजल्यावरची ठकठक

‘माणसाचा श्वास हीच राष्ट्राची खरी संपत्ती होय.’

हे वाक्य फुप्फुस मंडळाच्या इमारतीच्या दारावर संगमरवरात कोरलेलं आहे. अक्षरं सोनेरी आहेत, रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतात, आणि वाचून छाती भरून येते. त्याच्या बरोबर खाली एक कागद चिकटवलेला आहे : ‘लिफ्ट बंद आहे. फुप्फुस मंडळ चौथ्या मजल्यावर. जिन्याने जावे.’ संगमरवर दर आठवड्याला धुतला जातो. कागदाला मात्र कुणी हात लावत नाही. इतक्या वर्षांत तोही पिवळा पडत पडत जवळजवळ सोनेरी झाला आहे.

मी शिंपी. खाणीशी माझा संबंध लग्नापुरता. माझे सासरे, म्हणजे मामा, सगळी उमर कोळशाच्या खाणीत कुदळ मारून घरी बसले. येताना खाणीतली बरीचशी धूळ ते छातीत भरून घेऊन आले. ‘खाण बंद पडली म्हणतात लोक,’ असं ते म्हणायचे, ‘पण निम्मी माझ्याकडे आहे. उघडायची असेल तेव्हा सांगा.’ एवढं बोलले की दहा मिनिटं खोकायचे. त्यामुळे विनोद बेतानंच करायचे.

धुळीनं ज्याचं अर्ध्याहून जास्त फुप्फुस निकामी झालं असेल, त्याला सरकार भरपाई देतं. पेन्शन आणि घरी लावायला ऑक्सिजनचं मशीन. पेन्शनचं मामांना काही विशेष वाटत नव्हतं. सासूबाईंचा जीव अडकला होता मशीनमध्ये. कारण मामा आडवे झाले की पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखे हातपाय मारत उठायचे. कित्येक वर्षं ते खुर्चीत बसून झोपत होते. पलंगावरची त्यांची बाजू तशीच रिकामी. सासूबाई त्या बाजूच्या उशीचा अभ्रा न चुकता धुवायच्या, इस्त्री करायच्या, पुन्हा चढवायच्या. त्यावर कुणीही डोकं ठेवायचं नाही.

‘एकदा हा माणूस आडवा झोपलेला बघायचाय मला,’ त्या म्हणायच्या. ‘जिवंतपणी. नंतर काय, सगळेच झोपतात आडवे.’

मंडळानं दोनदा अर्ज फेटाळला होता. दोन्ही वेळा कारण एकच : अर्जदार स्वतःच्या पायांनी चौथ्या मजल्यावर आला, सबब प्रकृती समाधानकारक. जे येऊ शकले नाहीत त्यांचे अर्ज गैरहजेरीमुळे फेटाळले गेले. मंडळ पक्षपात करतं असं कुणी म्हणू शकणार नाही. आता तिसरी खेप होती, आणि तिसऱ्यांदा नकार आला की प्रकरण कायमचं बंद.

म्हणून सासूबाईंनी मला फर्मान सोडलं, ‘जावईबापू, ह्यांना एक नवा शर्ट शिवा. जुन्यात फार धडधाकट दिसतात.’

मामा दुकानात आले, स्टुलावर बसून दम खाल्ला आणि उभे राहिले. मी टेप लावली. खांदे उतरले होते, मनगट माझ्या पोरीसारखं झालं होतं, पोट पाठीला लागलं होतं. पण छाती वाढली होती. मी पुन्हा मोजली. माणूस सगळीकडून आटत चाललाय आणि छाती तेवढी पिंपासारखी फुगत चाललीय, हे काही मला बरं वाटलं नाही.

खिशाची जागा ठरवायला मी खडूचं टोक दोनदा त्यांच्या छातीवर टेकवलं. टक, टक.

आतून उत्तर आलं. ठक.

मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मामा भिंतीवरच्या फॅशनच्या चित्राकडे बघत उभे होते.

‘मामा, हे काय होतं?’

‘कुठं काय?’

मी पुन्हा दोनदा खडू टेकवला. या वेळी आतून एक ठोका आला, मग त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, आणि बराच वेळ गेल्यावर, मी हात मागे घेतल्यानंतर, आणखी एक. अगदी हलका. पलंगाखाली लपलेल्या पोरानं फरशीवर बोट वाजवावं तसा.

‘शेवटचा आळशी,’ मामा म्हणाले. ‘पहिल्यापासून असाच. तू खिसा जरा खाली घे. वर असला की त्यांना आवडत नाही.’

मी खिसा खाली घेतला. कुणाला आवडत नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. गिऱ्हाइकाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तो इतका सोयीचा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.

घरी सासूबाईंना मात्र विचारलं. त्या कपडे घड्या करत होत्या.

‘ते होय? पाळीतली माणसं आहेत ती,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांच्याबरोबर कामाला असायची. एक गेला की एक ठोका वाढतो. फार गोंधळ घातला तर मी दम देते, मग गप्प बसतात. तसे बिचारे मर्यादेनं वागतात.’

मग खाणीतली रीत त्यांनीच मला समजावून सांगितली. छत कोसळून माणसं पलीकडे अडकली की हाका ऐकू जात नाहीत. मग बाहेरचे लोक दगडावर ठोकतात. दोन ठोके म्हणजे ‘किती जण आहात?’ आतून माणशी एक ठोका येतो. आतले नखांनी, दगडानं, जे असेल त्यानं खरवडायला लागले की समजायचं, हवा संपत आली. आणि बाहेरून तीन ठोके गेले की त्याचा अर्थ ‘थांबा, आलोच.’

‘पण ते तीन कुणी उगाच मारायचे नाहीत,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मारले की जायलाच लागतं. मग मुकादम नको म्हणो, मालक नको म्हणो.’

‘मग ही माणसं खाणीत अडकून गेली का?’

‘छे हो! छताखाली एकजण सापडला नाही त्यांच्यातला. सगळे आपापल्या घरी, खुर्चीत बसून गेले.’ त्यांनी धुतलेल्या अभ्र्याची घडी हातानं दाबली. ‘सगळ्यांनी एकाच बोगद्यातली धूळ खाल्ली. आता ह्यांची एकच छाती उरलीय. जाणार कुठं?’

सुनावणीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. जिन्याच्या पहिल्याच वळणावर माणसं बसलेली होती. टोप्या गुडघ्यांवर ठेवलेल्या, तोंडं उघडी, सगळ्यांची नजर समोरच्या भिंतीवर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण बोलणं म्हणजे खर्च. नुसता श्वासांचा आवाज येत होता, जुनं लाकूड कापताना करवतीचा येतो तसा. आम्ही जवळून गेलो तशी ती माणसं मामांकडे न बघता किंचित बाजूला सरकली. एखाद्याच्या मागून मोठी मंडळी येत असली की वाट देतात, तशी जास्तच वाट दिली. मी मागे वळून बघितलं. आमच्यामागे कुणी नव्हतं.

चौथ्या मजल्यावर शिपाई म्हणाला, ‘सोबत एकच नातेवाईक.’

‘हे जावई, ते नातेवाईक,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी बायको आहे.’ आणि त्या आत गेल्या. शिपाई नियम आठवत राहिला.

आत तीन माणसं होती. मधोमध अध्यक्ष, गोरे, गुबगुबीत, दर वाक्याच्या आधी श्वास घेणारे. बहुधा इतरांना दाखवायला. त्यांच्या उजव्या हाताला भरपाई निधीचा माणूस, ज्याचा पगार निधीतून होत असल्यामुळे निधी खर्च होऊ नये अशी त्याची मनापासून इच्छा होती. आणि डाव्या हाताला एक तरुण डॉक्टरीणबाई, नुकत्याच रुजू झालेल्या. कारण त्या अजून पेशंटकडे बघत होत्या.

‘जिना चढून आलात का?’ निधीवाल्यानं विचारलं.

‘उडता येत नाही साहेब,’ मामा म्हणाले.

निधीवाल्यानं समाधानानं मान डोलावली. ‘क्ष-किरण फोटोप्रमाणे निम्मं फुप्फुस शाबूत आहे. नियमाला निम्म्याहून जास्त निकामी लागतं. बरोबर निम्मं चालत नाही.’

‘फुंकायच्या यंत्रावर घेऊन बघू,’ अध्यक्ष म्हणाले.

‘यंत्र बंद आहे सर,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘दुरुस्तीला चौथ्या मजल्यापर्यंत कुणी यायला तयार नाही. मी हातानं तपासते. आजोबा, शर्ट काढा.’

मामांनी शर्ट काढला. मी शिवलेला, खिसा खाली घेतलेला नवा शर्ट. सासूबाईंनी तो नीट घडी करून मांडीवर ठेवला. उघड्या अंगाचे मामा स्टुलावर बसले. खिडकीतून वारा येत होता. त्यांच्या पाठीवर निळे-काळे डाग होते, जखमेत कोळसा राहून वर कातडी आली की राहतात तसे.

बाईंनी डाव्या हाताचं बोट पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकलं. ठक ठक.

आतून उत्तर आलं. ठक. ठक. ठक. आणि मग सावकाश, एकामागून एक, येतच राहिलं. दुकानात ऐकले होते त्याहून कितीतरी जास्त; खडूच्या हलक्या टकटकीला सगळ्यांनी उत्तर दिलं नसावं. जिन्यात वाट कुणासाठी दिली होती ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

‘कोण ठोकतंय?’ अध्यक्ष म्हणाले.

‘पहिला दणका मुक्याचा,’ मामा म्हणाले. ‘तोंड बंद नसायचं कधी, म्हणून मुका. त्याच्यामागून जोरात मारतो तो आमचा पहिलवान. मधे अडखळतो त्याची दोन बोटं तुटली होती. शेवटचा...’

आम्ही सगळे थांबलो. बऱ्याच वेळानं हलकासा ठोका आला.

‘...आळशी,’ सासूबाई म्हणाल्या.

‘ही काय चेष्टा आहे?’ निधीवाला उठून आला. त्यानं मामांच्या भोवती फेरी मारली, स्टुलाखाली बघितलं, सासूबाईंच्या पिशवीत बघितलं. पिशवीत एक उशी होती. ‘ही कशाला?’

‘मशीन मिळालं तर ह्यांना गाडीतच जरा आडवं करावं म्हटलं,’ सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांना वाटलं, आधी जागा नीट शोधावी. त्यांनी कानाला नळी लावली, दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं, आणि विचार करत करत ठोकलं. एक. दोन. आणि मग, मला वाटतं नुसत्या सवयीनं, तीन.

आतली ठकठक एकदम थांबली.

खोलीत इतकी शांतता पसरली की जिन्यातल्या करवती ऐकू यायला हव्या होत्या. पण त्याही थांबल्या होत्या. मग बाहेरून पायांचा आवाज आला. चार मजल्यांवर बसलेली माणसं एकाच वेळी उठून उभी राहिली होती.

मामा स्टुलावर वळले आणि पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

‘पोरी,’ ते हळू म्हणाले, ‘हे काय केलंस?’

‘मी... मी नुसतं तपासत होते.’

‘तू त्यांना सांगितलंस, थांबा, आलोच.’

नळी अजून बाईंच्या कानात होती. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी नळीची टोकं अध्यक्षांच्या कानांत घातली. पण नळीची गरजच नव्हती; आता ते मलाही ऐकू येत होतं. आतून कुणीतरी खरवडत होतं. आधी एकजण. मग सगळे. घाईनं, वेड्यासारखं, बंद दाराच्या आतल्या बाजूनं खरवडतात तसं.

‘ह्याला आम्ही घरघर म्हणतो,’ अध्यक्ष म्हणाले. ‘पुस्तकात आहे.’

‘आम्ही हवा मागणं म्हणतो,’ मामा म्हणाले.

दार कुणीतरी बाहेरून उघडलं. चौकटीत टोप्या हातात घेतलेली माणसं उभी होती. त्यांच्यामागे आणखी, त्यांच्यामागे आणखी, जिन्यापर्यंत. ती रागावलेली नव्हती. ओरडत नव्हती. आत यायला परवानगीही मागत नव्हती. तीन ठोके ऐकल्यावर खाणीतला माणूस जिथे असेल तिथून येतो आणि कामाला लावायची वाट बघतो, तशी ती नुसती उभी होती.

‘हा निरोप मागे घ्या,’ अध्यक्ष डॉक्टरीणबाईंना म्हणाले. ‘सांगा त्यांना, चुकून गेला. शुद्धिपत्रक काढा. काय ठोकतात मागे घ्यायला?’

‘तसली खूण नाही साहेब,’ मामा म्हणाले.

‘नाही म्हणजे? रद्द करायला काहीतरी असेलच!’

‘वर असतं. खाली नाही.’

‘आणि कुणी गेलंच नाही तर?’

मामांनी जरा विचार केला. खिडकीतल्या वाऱ्यानं त्यांच्या दंडावर काटा आला होता.

‘थोडा वेळ वाट बघतात,’ ते म्हणाले. ‘मग स्वतःच बाहेर यायला बघतात.’

‘कुठून?’

‘मोकळी जागा दिसेल तिथून.’ त्यांची नजर अध्यक्षांच्या भरदार, स्वच्छ, कधीही खोकला न शिवलेल्या छातीवर जाऊन थांबली. ‘माणूस बघून नाही येत ते. जागा बघतात.’

अध्यक्षांचा हात कोटाच्या आत गेला. त्यांनी, कुणाला दिसू नये अशा बेतानं, स्वतःच्या छातीवर दोनदा बोट वाजवलं आणि मान तिरकी करून ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. काही आलं नाही. त्यांनी सोडलेला निःश्वास बहुधा त्यांच्या नोकरीतला पहिला खरा श्वास असावा. निधीवाल्याचाही हात वर निघाला होता. पण तो अर्ध्यावर थांबला, आणि त्यानं त्याच हातानं पेन उचललं. काही माणसांना न विचारलेलंच बरं वाटतं.

‘माझी सहानुभूती आहे,’ तो म्हणाला. आवाज थोडा चढा होता, खरवडण्याच्या वर ऐकू जावा म्हणून. ‘पण निम्मं फुप्फुस शाबूत असताना मशीन देता येत नाही. उद्या माझी चौकशी लागेल.’

तेव्हा सासूबाई उठल्या. मांडीवरचा शर्ट त्यांनी खुर्चीवर ठेवला.

‘भाऊ, तुम्ही हिशेबातले आहात म्हणून विचारते. एका घरात एवढी माणसं राहायला आली, आणि त्यातलं निम्मंच धड आहे, तर मालकाच्या वाट्याला किती येईल?’

‘कुठलं घर?’

‘हे.’ त्यांनी मामांच्या छातीकडे बोट दाखवलं. ‘निम्मं दगड. उरलेल्या निम्म्यात ह्यांची सगळी पाळी. भाडं देत नाहीत, निघत नाहीत. तर ह्यांना स्वतःला श्वास घ्यायला राहिलं किती, तेवढं तुम्हीच सांगा.’

निधीवाल्याच्या चेहऱ्यावर, आम्ही खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदा, एक प्रकारची शांती आली. भुताखेतांचं त्याला काही कळत नव्हतं. भागाकार कळत होता. त्यानं मामांना विचारलं, ‘एकूण कब्जेदार किती?’ मामांनी बोटांवर मोजून सांगितलं. शेवटच्याला धरायचं का, अशीही विचारणा झाली, कारण तो अनियमित होता. सासूबाई म्हणाल्या, ‘आळशी असला तरी जागा अडवतोच की.’ धरला. निधीवाल्यानं मान खाली घालून भागाकार केला, एकदा पडताळून बघितला आणि पेनाला टोपण लावलं.

‘असं असेल तर,’ तो म्हणाला, ‘अर्जदाराच्या प्रत्यक्ष वापरातलं फुप्फुस निम्म्याहून बरंच कमी भरतं. हे आधी सांगायला हवं होतं.’

‘आधी कुणी ठोकलं नव्हतं,’ मामा म्हणाले.

अध्यक्षांनी शिक्का मारला. घाईत तो दोनदा उठला. निधीवाल्यानं तो चालेल म्हणून सांगितलं. शिपायाला मशीन आणायला पिटाळलं. कोठार अर्थातच तळमजल्यावर होतं. पण शिपायाला जावंच लागलं नाही. दारातल्या माणसांनी मागच्यांना खूण केली, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि थोड्याच वेळात ते मशीन हातोहात, पाटीतून माल वर काढतात तसं, चार मजले चढून खोलीत आलं. एकाही माणसाला एका पायरीपेक्षा जास्त चढावं लागलं नाही. मशीन टेबलावर ठेवल्यावर मात्र बाहेर सगळे मिळून जे खोकायला लागले, त्यानं छताच्या पंख्याचा लोखंडी दांडा हलला.

डॉक्टरीणबाईंनी नळ्या जोडल्या. बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. त्यांनी नळीची टोकं मामांच्या नाकाला लावली, स्वतःच्या आजोबांना लावावीत इतक्या हळुवारपणे. मामांनी डोळे मिटले. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

खरवडणं मंदावलं. एकेक करून हात थांबत गेले. शेवटी एकच नख उरलं, रेंगाळत, अगदी सावकाश. सासूबाई वाकल्या आणि मामांच्या बरगड्यांना म्हणाल्या, ‘पुरे आता. मिळालं ना?’

तेही थांबलं.

कुणी हललं नाही. दारातल्या माणसांनी टोप्या अजून डोक्यावर चढवल्या नव्हत्या. सासूबाईंनी पिशवीतून उशी काढून छातीशी धरली होती, आणि त्या रडतायत हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. मग मामांची पापणी हलली. ओठ हलले. आणि खोलीतलं प्रत्येक माणूस, दारातलं, जिन्यातलं, पुढे झुकलं.

‘काय म्हणतायत?’ अध्यक्षांनी कुजबुजत विचारलं. ‘आजोबा, काय म्हणतायत ते आता?’

मामांनी डोळे उघडले.

‘ते झोपले साहेब. हे मी विचारतोय,’ ते म्हणाले. ‘शर्ट घालू का? केव्हापासून उघडा बसवलाय, थंडी वाजतेय.’